‘स्वप्नदोष’ या शब्दाला पर्याय हवा आहे

नौपाड्याची आई : आमच्या सोसायटीतील पालकांसाठी वाढत्या वयातील मुलामुलींविषयीचे एक इंग्रजी माहितीपत्रक मी मराठीत आणत आहे. मुलींचा भाग ‘मासिक पाळी’ या शब्दामुळे सहज पार पडला, परंतु मुलांच्या भागाशी मी अडले. झोपेत वीर्य बाहेर येणे नैसर्गिक आहे आणि त्याने अशक्तपणा येत नाही, अशा आशयाच्या वाक्यात मी सवयीने ‘स्वप्नदोष’ लिहिले. माझ्या १३ वर्षांच्या मुलाने ते मागून वाचले आणि विचारले, “आई, दोष कुणाचा?” ज्या वाक्याने त्याला दिलासा द्यायचा, त्यातलाच शब्द त्याच्यावर ठपका ठेवत होता. दुसरा शब्द सुचवावा, ही विनंती.

नेरूळकर : ‘दोष’ म्हणजे अपराधच, असे नाही. आयुर्वेदात वात, पित्त आणि कफ यांना दोष म्हणतात आणि त्यांच्यावाचून शरीर चालत नाही. रुळलेला शब्द टाकण्यापेक्षा मुलाला हा अर्थ समजावून सांगावा.

वाशीचा वाचक : मला हे पटत नाही. आयुर्वेदात शुक्र, म्हणजे वीर्य, दोषांत मोडत नाही, तो शरीर घडवणाऱ्या सात धातूंपैकी शेवटचा धातू आहे. आणि ‘धातू जातो’ या दोन शब्दांनी किती मुलांची झोप उडवली असेल! माझे शालेय वय कोपरीत गेले. हे सगळे शब्द मी रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर रंगवलेल्या ‘गुप्तरोग’ आणि ‘धातुदौर्बल्य’ यांच्या जाहिरातींतून शिकलो. आई सकाळी काही न बोलता चादर भिजत घालत असे, वडिलांनी हा विषय कधीच काढला नाही, आणि मी जवळजवळ वर्षभर स्वतःला आजारी समजत राहिलो. त्या वर्षी मला त्रिदोषांचा अर्थ कुणी सांगितला असता, तरी माझी भीती गेली नसती.

कोपरीच्या बाई : ‘वीर्यपतन’ आणि ‘वीर्यस्खलन’ हे पर्यायही तसेच आहेत, एकात पडणे, दुसऱ्यात घसरणे, आणि दोन्ही शब्द आपण चारित्र्याबद्दलही वापरतो. मुलींच्या वाट्याला ‘विटाळ’, ‘बाहेरची’, ‘कावळा शिवला’ असे शब्द आलेच होते, पण त्यांच्याजवळ ‘पाळी’ हा निर्मळ शब्द आहे, ज्यात क्रमाने येणे याहून अधिक काही नाही. मुलांसाठी असा घरगुती शब्द आपण घडवलाच नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू करून हे विषय मराठीत उघडपणे मांडले, तरी स्वयंपाकघरात उच्चारता येईल असा शब्द आजही सापडत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

घोडबंदरकर : पत्रकाच्या मथळ्यात ‘पौगंडावस्था’ असेल तर तो आधी बदलावा. संस्कृतात पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड आणि पंधराव्यापर्यंत कैशोर अशी विभागणी आहे. १३ वर्षांचा मुलगा पौगंड नव्हे, किशोर आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या १० ते १९ वयोगटासाठीच्या कार्यक्रमाचे नावही ‘राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम’ असेच आहे.

नेरूळकर : मराठीत ‘पौगंड’ याच वयासाठी रुळला आहे. संस्कृतातला अर्थ मराठीवर बंधनकारक नसतो.

वाशीचा वाचक : मग हाच न्याय ‘दोष’ या शब्दाला का लावत नाही? तिथे आपण आयुर्वेदाचा आधार घेतला होता.

नौपाड्याची आई : मी मुलालाच विचारले. वर्गातली मुले ‘नाइटफॉल’ म्हणतात, असे त्याने खाली बघत सांगितले. त्यातही पडणे आहेच. तूर्त मी ‘झोपेत वीर्य बाहेर येणे’ असे पूर्ण लिहिले आहे. ते लांब असले, तरी मला त्याच्याकडे पाहून म्हणता येते.

कोपरीच्या बाई : ‘वीर्य’ म्हणजे पराक्रमही. तेच बाहेर गेले म्हटल्यावर मुलाला काय वाटेल, याचाही विचार व्हावा.

घोडबंदरकर : ‘पौगंड’ प्रथम या अर्थाने कोणी वापरला, हे कुणी शोधू शकेल का?