मदत हवी आहे : 'टेरिफिक' म्हणजे चांगलं की वाईट? सहाच्या आत सांगा

मांजराकाठ (लातूर): टेरिफिकचा नेमका अर्थ काय? शब्दकोशात 'उत्कृष्ट' पण दिलंय आणि 'भीतिदायक' पण. मित्र म्हणायलाय, हा शब्द टाकलास तर अपमान होईल. कोरणारा सहाला दुकान बंद करतो. लवकर सांगा.

परभणीवाला: काय कोरायचंय, कुणासाठी? पूर्ण वाक्य द्या. नुसत्या शब्दावरून कसं सांगणार?

मांजराकाठ: सन्मानचिन्ह आहे. 'अ टेरिफिक टीचर' एवढंच लिहायचंय. अर्थ सांगा ना.

शब्दांचा नाद (नांदेड): तुमचा मित्र अर्धा बरोबर आहे. मूळ लॅटिन, 'टेरेरे' म्हणजे घाबरवणे. टेरर, टेरिबल, टेरिफाय हे सगळे एकाच घरचे. सतराव्या शतकात इंग्रजीत हा शब्द 'धडकी भरवणारा' याच अर्थानं आला. इंग्रज कवी मिल्टननं १६६७ साली 'पॅराडाइज लॉस्ट' या महाकाव्यात सापाच्या आयाळीला टेरिफिक म्हटलंय, तिथं कौतुक नाही. मग 'अति जोराचा' हा अर्थ चिकटला, म्हणून टेरिफिक स्पीड, टेरिफिक नॉइज. 'फारच छान' हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. आज बोलताना माणसाला टेरिफिक म्हटलं तर ते कौतुकच असतं. बिनधास्त टाका.

गोदातीर: बिनधास्त नाही! शब्द घरगुती आहे. मित्राला, खेळाडूला, जेवणाला शोभतो. मानपत्रात, सन्मानचिन्हावर 'आउटस्टँडिंग' किंवा 'एक्सेप्शनल' लिहितात. मी वीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलंय. आणि 'व्हेरी टेरिफिक' तर कुणीच लिहू नका, त्यात 'व्हेरी' आधीच आलंय.

परभणीवाला: सर, त्यांनी 'व्हेरी' लिहिलेलंच नाही.

उदगीरची लेक: आपण 'भयंकर आवडलं' म्हणतोच की. मग इंग्रजांनी म्हटलं तर काय बिघडलं? आमच्याकडं पोरं पिक्चरला 'खतरनाक' म्हणतात, ते काय वाईट म्हणून?

शब्दांचा नाद (नांदेड): ताई, इथं फरक आहे. 'भयंकर आवडलं' चालतं, कारण तिथं भयंकर म्हणजे 'खूप'. पण 'भयंकर शिक्षिका' म्हणून बघा, लगेच अर्थ उलटतो. इंग्रजीत मात्र 'टेरिफिक टीचर' म्हटलं तरी उलटत नाही. उलट 'ऑफुल' बघा. त्याचा मूळ अर्थ 'आदरयुक्त भीती वाटावी असा', पण तो घसरून 'वाईट' झाला. 'ऑसम' त्याच मुळातून निघाला आणि वर चढला.

जुनी पाटी (बीड): आपल्याकडचा जोडीदार म्हणजे 'जबरदस्त'. माझे आजोबा निजामाच्या काळात उर्दूतून शिकले, त्यांनी सांगितलेलं. फारसीत 'जबर' म्हणजे वर, 'दस्त' म्हणजे हात. ज्याचा हात वरचढ तो जबरदस्त. 'दस्तखत'मधला दस्त तोच. 'जबरदस्ती' बदनाम झाली, 'जबरदस्त' मात्र कौतुकाचा राहिला. त्यामुळं 'जबरदस्त बाई' लिहा, इंग्रजी कशाला?

परळीकर: मी तर म्हणतो सन्मानचिन्हच नको. कपाटावर धूळ खात पडतात. आम्ही आमच्या सरांना आंब्याची कलमं दिली, आज त्याचे आंबे खातायत.

मांजराकाठ: ऑर्डर दिलीय हो, पैसे पण दिलेत. फक्त शब्द पाहिजे.

गोदातीर: देणार कोण? घेणाऱ्याचं वय काय? इंग्रजी येतं का त्यांना? हे न सांगता तुम्ही घाई करताय.

मांजराकाठ: सांगतो. गणिताच्या बाई आहेत, ३१ तारखेला रिटायर होतायत. आमच्या बॅचकडून द्यायचंय. लई कडक होत्या. गृहपाठ नसला की दाराबाहेर उभं करायच्या, त्यांच्या चपलांचा आवाज व्हरांड्यात आला की अख्खा वर्ग गप्प. पण मी नववीत गणितात नापास झालो तेव्हा उन्हाळाभर सकाळी सातला घरी बोलवून शिकवलं, एक रुपया घेतला नाही. दहावीत गणितात ८१ पडले. आणि बाईंची एक सवय होती. न कळलेला शब्द दिसला की लगेच शब्दकोश उघडायच्या. ही पाटी घरी नेल्यावर पण उघडतील, म्हणून टेन्शन आलंय.

शब्दांचा नाद (नांदेड): हे आधी सांगायला पाहिजे होतं. मग माझं मत बदललं. बाई शब्दकोश उघडणार, 'भीतिदायक' वाचणार, आणि त्यांना तो व्हरांडा आठवणार. टेरिफिक नको.

उदगीरची लेक: मला तर म्हणूनच तो शब्द बरोबर वाटतो.

गोदातीर: मला नाही वाटत. सन्मानाच्या जागी शंका नको. आउटस्टँडिंग टाका.

जुनी पाटी (बीड): उन्हाळ्यातली सकाळी सातची गोष्ट तुम्ही आम्हाला सांगितली. तीच बाईंना सांगा, मराठीत.

मांजराकाठ: कोरणाऱ्याला आताच फोन केला. इंग्रजी ओळ काढली. आता असं आहे : 'बाई, तुमच्यामुळं गणिताची भीती गेली. उन्हाळ्यात सकाळी सातला दार उघडणाऱ्या बाईंना, आमच्या बॅचकडून.' चालेल का?

उदगीरची लेक: चालेल. वाचून डोळ्यात पाणी आलं.

परभणीवाला: ओळ छान आहे. पण कोरायच्या आधी प्रूफ मागा. बऱ्याच मशीनवर 'ऱ्या' तुटतो, 'उघडणार्या' असं काहीतरी येतं. आमच्या पाटीवर तेच झालं होतं.

मांजराकाठ: साडेपाच वाजलेत. निघालो दुकानात.