'पासवर्ड विसरलात?' फॉर्ममध्ये सभासद क्रमांक: रेघा, शून्यं आणि मराठी आकडे

मीनल_बॅकएंड
एका पतसंस्थेच्या वेबसाइटचं काम बघते, जँगोमध्ये (पायथनमधली वेबसाइट बनवायची चौकट). सभासद क्रमांक हेच युजरनेम. डेटाबेसच्या टेबलात '०४००७१२' (इंग्रजी आकड्यांत), पासबुकावर '०४/००७१२' (आधी शाखा, मग क्रमांक), जुन्या पासबुकांवर नुसतं '४/७१२'. लॉगिनचं पान रेघा, डॅश, स्पेस काढून शोधतं, 'पासवर्ड विसरलात?' मात्र टाइप केलं तेच शोधतं. खातं आहे की नाही हे बाहेरच्याला कळू नये म्हणून फॉर्म सगळ्यांना एकच उत्तर देतो, 'खातं असल्यास ओटीपी येईल'. ते तसंच हवं. पण आजोबा पासबुक समोर ठेवून बरोबर क्रमांक टाकतात, ओटीपीची वाट बघतात आणि शेवटी शाखा गाठतात. फोनवर मराठी कीबोर्ड असेल तर आकडेही मराठीच. फार वाईट वाटतं. इथेही रेघा उडवू का?

सह्यकोडर
रेघा आधी उडवू नकोस! '४/७१२' आणि '४७/१२' दोन्हींचं '४७१२' होतं, माणसं मात्र दोन. आधी रेघेवर तोड, शाखा २ अंकी आणि क्रमांक ५ अंकी कर, मग जोड. जँगोचं नॉर्मलाइझ एनएफकेसी वापरतं (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची युनिकोडची पद्धत), पण ती मराठी आकड्यांना हातही लावत नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नकोस. पायथनच्या युनिकोडडेटाचं डेसिमल वापर, ते कुठल्याही लिपीतल्या आकड्याची किंमत देतं. हे एकच फंक्शन नोंदणी, लॉगिन आणि रिकव्हरी, तिन्हीकडे.

जुना_पायथनवाला
आणि ते फंक्शन दोनदा चालवलं तरी उत्तर तेच यायला हवं. २०१३ मध्ये स्पॉटिफाय या गाण्यांच्या अ‍ॅपला हेच नडलं. वर चढवलेल्या बारीक कॅपिटल अक्षरांत लिहिलेल्या 'बिगबर्ड' या युजरनेमचं पहिल्या फेरीत साधं कॅपिटल झालं, दुसऱ्या फेरीत स्मॉल, म्हणजे दुसऱ्याच कुणाचं युजरनेम. स्वतःच्या खात्याची रिसेट लिंक मागवून दुसऱ्याचा पासवर्ड बदलता येत होता. म्हणून लिंकमध्ये युजरनेम नको, खात्याचा आयडी ठेव. ओटीपीही टेबलातल्या मोबाइलवरच. २०१९ मध्ये जँगोने ईमेलच्या बाबतीत हीच दुरुस्ती केली.

मीनल_बॅकएंड
पटलं. पण रेघच न देता कुणी '४७१२' लिहिलं तर?

सह्यकोडर
अंदाज बांधायचा नाही. रेघ नाही आणि सात अंकही नाहीत, तर तिथेच सांग: 'पासबुकावर आहे तसा, मधल्या रेघेसकट लिहा.' टेबलात न बघताच हे सांगतोय, त्यामुळे खातं आहे की नाही ते फुटत नाही, आणि आजोबांना ताबडतोब कळतं.