'ट्वायलाइट'मधलं अडखळणं मराठीत ठेवावं की गाळावं?

प्रश्न
ॲना डिव्हेअर स्मिथ यांच्या 'ट्वायलाइट: लॉस एंजेलिस, १९९२' या नाटकामधला एक उतारा मराठीत करून वाचायचाय. दंगलीत दारूचं दुकान गमावलेल्या कोरियन बाईंचा. त्यांचं इंग्रजी मोडकं, वाक्यं मध्येच तुटतात. पहिल्या खर्ड्यात मी सगळं सरळ केलं आणि मोठ्याने वाचलं, तर बाई चक्क प्राध्यापिका वाटायला लागल्या! मोडकंच ठेवलं तर लोक हसतील ही भीती. आपल्या रंगमंचावर परभाषिकाचं पात्र म्हटलं की हशा ठरलेला. काय करू?

प्रतिसाद १
सरळ करू नका, जीव जाईल त्यातला. स्मिथबाईंनी तीनशेच्या आसपास माणसांच्या मुलाखती घेतल्या, त्यांतली निवडक बोलणी अं-अंसकट बसवली आणि १९९३मध्ये लॉस एंजेलिसच्या मार्क टेपर फोरम या नाट्यगृहात सगळी पात्रं एकटीने केली. माणूस अडखळतो तिथेच तो सापडतो, हा त्यांचा हिशेब. पण 'तो गेली, मी आला' छाप मराठी नको, हशा त्यालाच येतो. लिंग-वचन ठीक ठेवा, वाक्य तोडा.

प्रतिसाद २
भाषेचं नंतर बघा. बाई कधी बोलतायत ते प्रेक्षकाला कळणारे का? रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस २९ एप्रिल १९९२ला खटल्यातून सुटले, शहर पेटलं, पन्नासहून जास्त माणसं गेली, कोरियन दुकानं जळाली. हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण १९९३च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या खटल्यात दोन पोलीस दोषी ठरले, तो कृष्णवर्णीयांचा आनंद बघून बाई बोलतायत. त्यांना बरंही वाटतंय आणि आमच्या न्यायाचं काय, हेही पोखरतंय.

आणि लताशा हार्लिन्स विसरू नका. पंधरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी. ज्यूसच्या बाटलीवरून वाद झाला आणि कोरियन दुकानदार बाईने गोळी घातली. किंगला मारहाण झाली त्यानंतर तेराच दिवसांनी. त्या बाईला तुरुंगवास झाला नाही. एवढं सांगितलं नाहीत तर तुमच्या बाई नुसत्या 'बिचाऱ्या' होतील.

मूळ प्रश्नकर्ती
दुसऱ्या खटल्याचं माझ्या डोक्यातच नव्हतं, मी सगळं दंगलीच्या दुसऱ्या दिवशीसारखं रडून वाचत होते. (दिग्दर्शकालाही ते आवडलं होतं, काय बोलणार!) आज व्याकरण ठीक आणि वाक्यं तुटलेली, असं वाचलं. कोणी हसलं नाही. आता 'बरं वाटलं'वरून रागावर जाताना मी मध्ये भलामोठा पॉझ घेतेय, तो जरा जास्तच नाटकी होतोय.

प्रतिसाद १
पॉझ काढा. 'बरं वाटलं' म्हणताना श्वास पुरू देऊ नका.