इयत्तांप्रमाणे वेगळे धडे नकोत, विषय एकच घ्या

ताई, सुट्टीच्या वर्गात पहिली ते पाचवीची मुलं एकाच खोलीत आणि रोज पाच वेगळे धडे काढायचे कसे असं तुम्ही विचारलंय ना, तर पाच काढूच नका, विषय एकच घ्या आणि काम वेगवेगळं द्या. आपण ठाण्यात आहोत तर रेल्वेच घ्या की, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून (म्हणजे आताचं सीएसएमटी) देशातली पहिली प्रवासी गाडी आपल्याच गावात आली, साधारण ३४ किमी, १४ डबे, ४०० च्या आसपास पाहुणे. पहिली-दुसरीवाली काड्यापेटीचे डबे करून १ ते १४ नंबर घालतील, तिसरीवाली ठाणे ते सीएसएमटी स्टेशनं ओळीने लिहून मधली किती ते मोजतील, आणि चौथी-पाचवीला ४०० भागिले १४ द्या, प्रत्येक डब्यात २८ बसतात आणि ८ उरतात, त्या आठ जणांना कुठे बसवायचं यावर मुलं जी काय भांडतात त्यातच बाकी म्हणजे काय ते पक्कं होतं बघा.

सुरुवातीची गोष्ट मात्र सगळ्यांना एकत्र बसवूनच सांगा. आणि एक कळकळीने सांगते, मोठ्या मुलांना रोज लहानांना शिकवायला बसवू नका प्लीज, थोडा वेळ ठीक आहे, पण सुट्टीत येतात ती पण शिकायलाच येतात, त्यांचा वाचनाचा वेळ त्यांनाच मिळायला हवा. वर्ग सकाळी लवकर ठेवा, मे मध्ये अकरानंतर कोणाचंच लक्ष लागत नाही.