गळलेल्या केसाच्या टोकाशी दिसणारी पांढरी गाठ म्हणजे केसाचे मूळ असते का?

तृणांकुर यांचा प्रश्न

नमस्कार. सुमारे तीन महिन्यांपूर्वी मला आठ-दहा दिवस चांगलाच ताप होता. तो उतरला, अशक्तपणाही गेला आणि आता सगळे सुरळीत झाले असे वाटत असतानाच गेल्या दोन आठवड्यांपासून केस विंचरताना फणीत पुंजका येऊ लागला आहे. काल त्यांतले काही केस काळ्या कागदावर ठेवून भिंगातून पाहिले. प्रत्येक केसाच्या एका टोकाला टाचणीच्या टोकाहून लहान, पांढरट, किंचित फुगीर गाठ दिसली. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की केस मुळासकट निघून येत आहेत आणि मूळच गेले तर तिथे पुन्हा केस उगवणार नाही. हे खरे आहे का?

याच निमित्ताने एक जुनी शंकाही विचारते. केस कापताना काहीच कळत नाही, पण एकच केस उपटला तरी डोळ्यांत पाणी उभे राहते. मग केस सजीव म्हणायचा की निर्जीव? पुस्तकांतल्या त्वचेच्या आकृतीत केस, ग्रंथी, स्नायू आणि चेतातंतू असे सगळे एकाच चौकोनात दाखवून प्रत्येकाला बाणाने नाव दिलेले असते. परंतु त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे त्या आकृतीवरून मला कधीच नीट उमगले नाही.

शारीर_अध्यापिका यांचा प्रतिसाद

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यामागची काळजी मला समजते. ती पांढरी गाठ म्हणजे केसाला जन्म देणारे मूळ नव्हे. केसाला जन्म देणारा भाग त्वचेतच राहिलेला असतो.

केस ज्या खोलगट नळीतून वर येतो तिला केशपुटक म्हणतात. बाह्यत्वचाच बोटमोज्यासारखी आत, अंतस्त्वचेत आणि डोक्यावर तर तिच्याखालच्या मेदाच्या थरापर्यंत उतरते आणि ही नळी बनते. नळीचा तळ कांद्यासारखा फुगलेला असतो, तो केशकंद. त्याच्या पोकळीत खालून रक्तवाहिन्यांसह एक लहानसा उंचवटा शिरलेला असतो, तो केशांकुर. केशांकुराभोवतीच्या पेशी शरीरातल्या अत्यंत वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत. त्या वर ढकलल्या जाताना केराटिन या कठीण प्रथिनाने भरत जातात, त्यांचे केंद्रक नाहीसे होते आणि त्वचेबाहेर येईपर्यंत त्या पूर्णपणे मृत झालेल्या असतात. म्हणून कात्री चालवली तर वेदना होत नाही. पुटकाभोवती मात्र चेतातंतूंचे दाट जाळे असते आणि उपटताना ताण पडतो तो त्या जाळ्यावर. हातावरच्या एखाद्या केसाच्या केवळ शेंड्याला, त्वचेला अजिबात न लागू देता, सुईने स्पर्श करून पाहा. तो हलकासा स्पर्शही लगेच जाणवतो. निर्जीव केस तिथे तरफेसारखे काम करतो आणि जाणीव मुळाशी होते.

आता केसगळतीकडे येते. डोक्यावरचे प्रत्येक केशपुटक साधारण दोन ते सहा वर्षे केस वाढवते, मग दोन-तीन आठवड्यांत आक्रसते आणि सुमारे तीन महिने विसावा घेते. आक्रसताना रंगद्रव्याची निर्मिती थांबते आणि केसाचे खालचे टोक केराटिनने भरून गदेसारखे गोल होते. रंगद्रव्य नसल्यामुळे ते पांढरे दिसते. तुम्हाला भिंगातून दिसली ती हीच गदा. निरोगी डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि त्यांतले ५० ते १०० रोज असेच गळतात. प्रत्येक पुटकाचे चक्र वेगवेगळ्या वेळी चालते, त्यामुळे एरवी ते लक्षात येत नाही. मोठा ताप, बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया यांसारखा आघात झाला की पुष्कळशी पुटके मुदतीपूर्वीच एकदम विसाव्यात जातात आणि विसावा संपला की त्यांचे केस एकदम गळतात. ताप आणि गळती यांच्यामधले तुमचे तीन महिने हे असे तंतोतंत जुळतात.

सूक्ष्मदर्शी यांचा प्रतिसाद

वरच्या विवेचनाशी मी पूर्णपणे सहमत आहे. त्वचेचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे आकृतीविषयीच्या तुमच्या तक्रारीवर थोडे लिहितो.

आकृतीत एक गोष्ट हरवते, ती म्हणजे केस, तैलग्रंथी आणि रोम उभारणारा स्नायू हे तिघे मिळून एकच अवयव आहेत. तो स्नायू पुटकाच्या मध्याच्या जरा वर तिरका जोडलेला असतो आणि त्याचे दुसरे टोक अंतस्त्वचेच्या वरच्या भागात रुतलेले असते. स्नायू आणि पुटक यांच्यामधल्या कोनात तैलग्रंथी बसलेली असते. छेदात तिच्या पेशी फेसाळ दिसतात, कारण त्या स्निग्ध द्रव्याने गच्च भरलेल्या असतात. ही ग्रंथी द्रव्य बाहेर सोडून स्वतः शाबूत राहत नाही. तिची पेशी भरते, फुटते आणि संपूर्ण पेशीच तेल होऊन पुटकाच्या नळीत उतरते. तेच तेल केसावर आणि आसपासच्या त्वचेवर पसरते. थंडीने किंवा भीतीने अंगावर काटा येतो तेव्हा हाच स्नायू आखडून केस उभा करतो.

हा स्नायू जिथे जोडलेला असतो तिथेच पुटकाच्या भिंतीत मूलपेशींचा साठा असतो, आणि तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची जागा हीच आहे. विसाव्याच्या काळात पुटकाचा खालचा भाग आक्रसून वर सरकतो, केशांकुर या साठ्याच्या जवळ येऊन थांबतो आणि पुढच्या केसाची सुरुवात त्या दोघांच्या संगतीतून होते. गदा गळून पडली तरी या दोहोंना धक्का लागत नाही. पुष्कळदा नवा केस खालून वाढू लागलेला असतानाच जुना सुटतो.

घर्मग्रंथींचे मात्र वेगळे आहे. आकृतीत त्या शेजारी काढलेल्या असतात, म्हणून त्या पुटकाच्याच समजल्या जातात. आपल्या अंगावरच्या २० ते ४० लाख घर्मग्रंथींपैकी बहुतेक सर्व थेट त्वचेच्या पृष्ठभागावर उघडतात आणि घामाच्या बाष्पीभवनाने शरीर थंड ठेवतात. तुमच्याकडे भिंग आहेच, तर बोटाच्या पेरावर उजेड तिरपा पाडून पाहा. रेषांच्या माथ्यावर ओळीने बारीक ठिपके दिसतील. ती घामाची तोंडे. तळहात आणि तळपाय यांवर केस नसतात आणि तैलग्रंथीही नसतात, घर्मग्रंथी मात्र तिथेच सर्वांत दाट असतात. काखेत आणि जांघेत दुसऱ्या प्रकारच्या घर्मग्रंथी असतात. त्या पुटकाच्या नळीत उघडतात आणि वयात येताना कामाला लागतात. त्यांच्या स्रावाला मुळात वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू त्याचे विघटन करतात, तेव्हा तो येतो.

तृणांकुर यांचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. पेरावरचे ठिपके लगेच पाहिले. ते खरोखरच मोत्यांच्या सरीसारखे ओळीत दिसतात. आता दोन गोष्टी विचारते. केस पूर्ण काढून टाकले तर नवे जाड येतात, असे सुचवले जात आहे. तसे करावे का? आणि नवे केस येत आहेत की नाही, हे मला घरी ओळखता येईल का?

शारीर_अध्यापिका यांचा प्रतिसाद

डोके भादरल्याने काहीही साधणार नाही. वस्तरा मृत भागावर चालतो आणि केसाची जाडी केशकंदात ठरते; वर काय घडले याची वार्ता तिथे पोहोचायला मार्गच नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ महिलेने १९२८ मध्ये प्रत्यक्ष मोजमाप करून दाखवले की वस्तरा फिरवल्याने केसांची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही. गैरसमजाचे कारण केसाच्या टोकात आहे. कधीही न कापलेला केस शेंड्याकडे निमुळता होत जातो, तर कापलेल्या केसाचे टोक बोथट असते आणि म्हणून ते हाताला खरखरीत लागते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही याच फरकात आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. काही आठवड्यांनी कपाळाच्या कडेला आणि भांगात आखूड केस शोधा. त्यांची टोके बोथट असतील तर ते तुटलेले केस आहेत. टोके निमुळती असतील तर ते नव्याने उगवलेले आहेत.

सूक्ष्मदर्शी यांचा प्रतिसाद

एक गोष्ट आवर्जून जोडतो. वरचे सगळे वर्णन डोकेभर सारख्या प्रमाणात होणाऱ्या गळतीला लागू आहे. गोल चट्ट्यांच्या रूपात केस गेले, त्वचा लाल झाली, खपली धरली, किंवा एखाद्या जागी रोमछिद्रेच न दिसणारी गुळगुळीत, चकचकीत त्वचा दिसू लागली, तर विलंब न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. चकचकीत त्वचेखाली पुटकाच्या जागी व्रणाची ऊती तयार झालेली असू शकते. तिथे मूलपेशींचा साठाच नष्ट होतो आणि मग केस परत येत नाही. गळती सहा महिन्यांहून अधिक काळ चालू राहिली तरी तपासणी करून घ्यावी, कारण लोहाची कमतरता आणि थायरॉईडचे विकार हीही तिची कारणे असतात.

तृणांकुर यांचा प्रतिसाद

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. गळती थांबलेली नाही, पण फणीतला पुंजका निम्म्यावर आला आहे. चट्टे किंवा खपली कुठेही नाही. आज सकाळी खिडकीजवळ आरसा धरून भांग पाहिला. सेंटिमीटरभर उंचीचे बारीक केस उभे होते. त्यांतला एक काळ्या कागदावर दिसला नाही, म्हणून त्याच्यामागे पांढरा कागद धरला आणि भिंग लावले. तो मुळाशी काळाभोर होता आणि वर जाता जाता इतका निमुळता होत गेला होता की त्याचे टोक नेमके कुठे संपते, हे मला सांगता आले नाही.