फोटो काढणारे बाबाच फोटोत नाहीत, पंचाहत्तरीच्या अल्बमचं काय करू?

उंडारकी:
नमस्कार मंडळी. धागा काढायला उशीरच झालाय, पण करा मदत. बाबांना मार्गशीर्षात पंचाहत्तर पूर्ण होताहेत. हॉल, केटरर, गुरुजी सगळं भावाने अंगावर घेतलंय आणि माझ्या गळ्यात पडलाय फोटोंचा अल्बम. छापील हवा, साठेक पानांचा, आलेल्या माणसाने हातात घेऊन चाळावा असा. (स्लाइड शो नको, आमच्याकडे प्रोजेक्टर लागला की मामालोक पानावर जाऊन बसतात.)

तर माळ्यावरून सगळं खाली काढलं. चार अल्बम, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुटे फोटो आणि निगेटिव्हच्या पट्ट्या. बाबांकडे आधी अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता, रोलला फक्त बारा फोटो, त्यामुळे एकेका फोटोला ते इतका वेळ लावायचे की आम्ही भावंडं सगळीकडे रडवेली किंवा डोळे मिटलेली. नंतर कोडॅकचा केबी टेन आला, मग छत्तीसचा रोल मिळाल्यावर जरा सैल सुटले.

आता अडचणी. एक म्हणजे बाबाच नाहीत! काल बसून मोजले, ४१२ फोटो, त्यात बाबा १९. त्यातले सात लग्नातले आणि चार ऑफिसच्या ग्रुपचे, म्हणजे टाचणीच्या टोपीएवढे. माझं बारसं, भावाचं बोरन्हाण, आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन, सगळीकडे आई, आत्या, शेजारच्या काकू, आणि हा माणूस कायम कॅमेऱ्याच्या मागे. दुसरं म्हणजे दोन अल्बम त्या चिकट पानांचे आहेत, वर प्लॅस्टिकचा कागद असतो ते, पानं पिवळी पडलीत आणि फोटो निघतच नाहीत. तिसरं, कुठला कधीचा ते कुणाला माहीत नाही. आई म्हणते हा ८३ चा, आत्या म्हणते ८३ ला माझं लग्नच झालं नव्हतं आणि फोटोत तर तिच्या कडेवर पोर आहे.

खोडरबर:
ताई, आधी एक करा, ते फोटो ओढणं थांबवा. माझा चाळीस वर्षं स्टुडिओ होता, लोक असे ओढून फाडलेले फोटो घेऊन यायचे आणि म्हणायचे काका जोडून द्या.

त्या चिकट पानांवरचा गोंद म्हातारा होतो, कडक होतो आणि पिवळा पडतो. वरचं प्लॅस्टिक हळूच सोलून काढा. मग दात साफ करायचा फ्लॉस मिळतो ना औषधाच्या दुकानात, तो हातभर घ्या, फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवा आणि करवत चालवल्यासारखा पुढेमागे करत दुसऱ्या टोकाला न्या. अडला तर पानाच्या मागच्या बाजूने हेअर ड्रायर, कमीत कमी गरम, काही सेकंदच, की परत फ्लॉस. तरीही नाही निघाला तर सोडून द्या आणि अख्खं पानच स्कॅनरवर ठेवा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर अजिबात ओढायचा नाही, चेहरा काचेवर राहतो आणि कागद हातात येतो. काचेसकट स्कॅन करा.

स्कॅन करताना मॅक्सी साइजचे रंगीत फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) पुरतात. पण क्लिक थ्रीच्या त्या चौकोनी कृष्णधवल कॉप्या सव्वादोन इंचाच्या असतील, त्या ६०० ला केल्या तर १३५० पिक्सेल येतात, म्हणजे छापताना साडेचार इंचाच्या वर गेलात की फुटायला लागणार. त्यांना १२०० ठेवा. आणि फोटोंपेक्षा त्या पट्ट्या जपा हो, कॉपी शेवटी कॉपी, निगेटिव्ह जास्त सांगते. पट्टी कडेनेच धरायची, बोट मध्ये लागलं की ठसा कायमचा.

नुसतं बघायचंच असेल तर मोबाइलवर पांढरा स्क्रीन लावून त्यावर दोन बोटं उंच पट्टी धरा आणि दुसऱ्या मोबाइलने फोटो काढून रंग उलटा करा. टेकवून ठेवलीत तर स्क्रीनच्या ठिपक्यांची जाळी येते.

सुपारीकातर:
खोडरबर काका, फ्लॉसची आयडिया भारी, वाचनखूण साठवली. आमच्याकडे कोकणात त्या डब्यात बुरशीने नक्षी काढलीय, कुणाच्या साखरपुड्यात कुणाला ओळखता येत नाही. पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, बुटांच्या खोक्यात येतात त्या चालतात, आणि दर पावसाळ्यानंतर बदला.

तारखांचं सांगते, मी माहेरचे सगळे असेच लावले. (१) निगेटिव्हच्या कडेला आकडे छापलेले असतात, त्या क्रमाने लावलं की एका रोलमधलं आधी काय नंतर काय ते आपोआप कळतं, गणपती आधी आणि दिवाळी नंतर. (२) फोटोत मागे भिंतीवर कालनिर्णय दिसतं का बघा. स्कॅन मोठा केलात की महिना वाचता येतो, वार आणि तारीख जुळवून वर्षाचा अंदाज बांधता येतो. (३) स्कूटर किंवा गाडीची पाटी. एमएच असेल तर फोटो १९८९ च्या आधीचा नाही.

आणि बाबांची जुनी कॅलेंडरं ठेवलीत का कुणी? आमच्या वडिलांचे गठ्ठे होते. चौकोनात बारीक अक्षरात "सिलिंडर लावला", "दूध १ लि. जादा", "रोल धुवायला टाकला". हे शेवटचं मिळालं तर लॉटरीच!

तिरकीडोळा:
थोडं अवांतर, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. तुमचे बाबा बारा फोटोंत अख्खी दिवाळी बसवायचे, आमच्या फोनमध्ये पोरीच्या पहिल्या वर्षाचे एकोणीस हजार आहेत आणि बघतं कोण? दर महिन्याला चादरीवर डाळतांदळाने आकडा काढून झोपवायचं आणि फोटो, बारशाला तर फोटोग्राफर म्हणाला आत्याबाई परत कुर्र करा, लाइट नव्हता. आत्याने तीनदा नाव ठेवलं आणि पोरगी तीनदा रडली. पण ती रोज संध्याकाळी दारात आजोबांच्या चपला उचलून आणायची, दोन्ही पायांच्या उलट्या, त्याचा एकही फोटो नाही. आता ती चपलांना हातही लावत नाही.

आणि कृपा करून ते स्कॅन व्हॉट्सॲपवर ग्रुपमध्ये टाकून तिथून छापायला देऊ नका. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान करतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आमच्या सासऱ्यांच्या साठीत असाच छापला होता फ्लेक्स, नाक कुठे संपतं आणि मिशी कुठे सुरू होते ते कळेना.

फिलीचीपोळी:
मी न्यू जर्सीत असते त्यामुळे माझं वेगळं दुखणं. दोन गोष्टी सांगते.

पहिली, स्कॅन करायच्या आधी आईला आणि आत्याला समोरासमोर बसवा, अल्बम उघडा आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू करून टेबलावर ठेवून द्या. भांडू देत. आमच्या आईला विस्मरणाचा आजार झाला, निदान झाल्यावर मी धावत आले आणि अल्बम उघडला, तर तिला माणसं आठवत होती पण नावं नाही, "ही आपली ती गं, साबुदाणा चांगला करायची". एका फोटोत सात बायका आहेत, चौघींची नावं आता कुणालाच माहीत नाहीत. मागे लिहाल तर मऊ पेन्सिलने आणि अगदी हलक्या हाताने, बॉलपेनचा वळ पुढून दिसतो.

दुसरी, बाबा नाहीत म्हणून रडत बसू नका, आत्ता काढा ना! कार्यक्रम व्हायचाय अजून. पण फेटा घालून सोफ्यावर बसवलेले नकोत. दाढी करतानाचे, पेपरची घडी घालतानाचे, चष्मा कपाळावर चढवून चष्माच शोधतानाचे काढा. माझे वडील गेले तेव्हा माझ्याकडे त्यांचे छान फोटो खूप होते, पण ते चहा बशीत ओतून प्यायचे त्याचा नव्हता. एक आहे, व्हिडिओ कॉलचा स्क्रीनशॉट, त्यात बशी आणि अर्धं कपाळ. तोच लावलाय हॉलमध्ये.

खोडरबर:
ताई अजून एक राहिलं. क्लिक थ्रीला भरपूर ऊन लागायचं, ढगाळ दिवसासाठी एक खूण होती खरी, पण घरात फ्लॅशशिवाय काही येत नसे. म्हणून तेव्हा सगळ्यांना शिकवलेलं, ऊन पाठीशी घ्या. आणि सकाळी नाहीतर संध्याकाळी ऊन पाठीशी घेतलं की काय होतं? अंगणातले, गच्चीतले फोटो काढा आणि खालची कड बघा. कॉपीत कड कापली गेली असेल तर निगेटिव्हवर बघा.

तिरकीडोळा:
काका __/\__

उंडारकी:
काय सांगू काका. काल रात्री दोनपर्यंत बसले होते.

सावल्या! पाच फोटोंत आहेत. लांबच लांब सावली, दोन्ही कोपर बाहेर काढलेले, बरणीच्या कानांसारखे, कारण क्लिक थ्री डोळ्याला लावला की ते तस्सेच उभे राहायचे. गच्चीवर आईने पापड घातलेत, मी सव्वा वर्षाची मध्ये बसलेय, आणि बाबांचं डोकं बरोबर पापडांवर. इतकी वर्षं तो फोटो बघतेय, कधी दिसलं नव्हतं. दुसऱ्यात सावलीच्या काखेत पिशवी आहे, म्हणजे पिशवीही खाली ठेवली नव्हती.

बाबांना दाखवलं तर पहिलं वाक्य काय, "फोटो बिघडलाय तो, कशाला छापतेस". मग स्वतःच चष्मा लावून बाकीच्या पट्ट्या उजेडात धरून बसले.

सुपारीकातर ताई, कॅलेंडरं रद्दीत गेली, आईनेच घातली, तो विषय घरात सध्या बंद आहे. पण स्कूटरच्या पाटीवरून आत्याचा फोटो ९० नंतरचा ठरलाय, आत्या जिंकली. रेकॉर्डिंग दीड तासाचं झालं, त्यातला अर्धा तास तर पातळ जांभळं होतं की चिंतामणी रंगाचं यावर आहे. फोटो कृष्णधवल आहे.

फक्त पाचव्या सावलीवर घोळ झालाय. बाबा म्हणतात ती माझी नाहीच, त्या दिवशी कॅमेरा काकाने घेतला होता, बघ, कान बाहेर आलेत. म्हणजे मग त्या फोटोत बाबा असायला हवेत. तर ते उजवीकडे कडेला अर्धे कापले गेलेत, हातात रिकामं कव्हर धरून.