कुत्र्याच्या पायावरील लहान जखम: घरी काय करावे आणि काय टाळावे?

प्रश्न:
आमच्या चार वर्षांच्या मोतीच्या पुढच्या उजव्या पायाला, कोपराच्या जरा खाली, आज सकाळी कुंपणाची तार लागून साधारण दोन सेंटिमीटर लांबीची जखम झाली आहे. रक्त दोन-तीन मिनिटांत थांबले, तो लंगडत नाही आणि नेहमीसारखा जेवला. मात्र संधी मिळताच जखम चाटत बसतो. घरात माणसांसाठीचे जंतुनाशक द्रावण, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि एक मलम आहे. यांपैकी काय वापरावे? कुत्र्याची लाळ हेच त्याचे औषध, असे घरातील मोठी माणसे म्हणतात. ते कितपत खरे आहे, हेही कृपया सांगावे.

उत्तर १:
हायड्रोजन पेरॉक्साइड आधी बाजूला ठेवा. त्याचा फेस पाहून जखम स्वच्छ होत असल्यासारखे वाटते, परंतु जंतूंबरोबर जखम भरून आणणाऱ्या पेशीही त्याने मरतात. माणसांच्या जंतुनाशकाने कातडीची आग होते आणि चाटल्यावर ते पोटात जाते. मलमात झिंक ऑक्साइड असेल, तर तेही चाटल्याने कुत्र्याला विषबाधा होऊ शकते.

जखमेला खरी गरज असते ती भरपूर पाण्याची. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे, त्यात एक सपाट छोटा चमचा मीठ विरघळवावे आणि सुई काढलेल्या स्वच्छ सिरिंजने, माती आणि अडकलेले केस निघून जाईपर्यंत, हलक्या धारेने जखम धुवावी. कापसाचे तंतू आत राहतात, म्हणून गॉजने टिपावे, चोळू नये. धुताना दुसऱ्या कुणीतरी त्याचे डोके हलकेच धरून त्याच्याशी बोलत राहावे, कारण वेदना होत असताना अत्यंत मायाळू कुत्राही चावू शकतो.

लाळेत जंतूंना रोखणारे काही घटक असतात, हे खरे आहे. पण तोंडात जंतूही असतात, आणि खरखरीत जीभ पुन्हा पुन्हा फिरल्याने धरू लागलेली खपली निघते. गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घाला. पहिल्या दिवशी तो दारांना धडकेल, केविलवाणा दिसेल, तरीही कृपा करून ती काढू नका.

उत्तर २:
वरील उत्तराशी सहमत आहे. एक भर घालतो: दुखते आहे असे वाटून माणसांचे पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, कारण त्यांमुळे यकृत, मूत्रपिंडे किंवा जठर यांना गंभीर इजा होऊ शकते.

शिवाय, तारेऐवजी दुसऱ्या प्राण्याचा दात लागला असण्याची शक्यता असेल, तर हा सारा विचार बदलतो. आमच्या कुत्रीच्या मानेवर चाव्याचे डाळीच्या दाण्याएवढे एकच भोक होते आणि आम्ही ते वरून पुसून निश्चिंत राहिलो. तिसऱ्या दिवशी तिथे लिंबाएवढी गरम गाठ आली आणि आत पू झाला होता. चाव्याची जखम वरून लहान आणि आतून खोल असते. त्यात रेबीजचाही प्रश्न असल्याने, लस घेतलेली असली तरी त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. दात लागलेला नाही, तार लागताना मी स्वतः पाहिले होते. सांगितल्याप्रमाणे जखम धुतली, तेव्हा भोवतीचे केस ओले होऊन बाजूला झाले आणि एक गोष्ट लक्षात आली: तो पाय वाकवतो तेव्हा जखमेच्या कडा एकमेकींपासून दूर जातात आणि आतला गुलाबी भाग दिसतो. हे चिंतेचे आहे का?

उत्तर १:
होय. कडा उघडत असतील तर कातडी पूर्ण जाडीत कापली गेली आहे, आणि तीही हालचालीने सतत ताणली जाणाऱ्या जागी. टाके लागतील का, हे पशुवैद्यच ठरवतील, परंतु पहिल्या काही तासांत टाके घालणे सोपे जाते, म्हणून उद्यावर ढकलू नका. जखमेवर काहीही लावू नका. ओलसर गॉज ठेवून सैलसर पट्टी बांधा, तिच्याखाली दोन बोटे सहज जायला हवीत, आणि आताच निघा.